चुनकड्याची ओ

रविवार, ३ ऑक्टोबर १९८२
करंजडोह धरण

पोहोचलो बुवा एकदाचा! एसटी सावळघाटात तापली आणि कंडक्टरनं माझ्याच फिरकीच्या तांब्यातलं पाणी इंजिनला पाजलं. मी म्हटलं, अहो मास्तर, गाडीला तहान लागते तशी माणसालाही लागते. तो म्हणाला, पुढं धरणावर हवं तेवढं प्या. खोटं नव्हता बोलत. वळण संपलं आणि समोर पाणीच पाणी. दोन्ही बाजूंनी डोंगरांचे कडे सरळ पाण्यात उतरलेले. मी खिडकीतून अर्धा बाहेर आलो.

खंडेरावशेठना दुवा द्यायला हवी. त्यांचं नाशिकच्या द्वारका चौकात बसगाड्यांचं बुकिंग ऑफिस आहे. नांदगावच्या यात्रेत त्यांनी मला तंबूतल्या सिनेमाचा पुकारा करताना ऐकलं. टांग्यात बसून, भोंगा तोंडाला लावून, 'आज रात्रौ, आज रात्रौ, आपल्या गावात' असं मी सगळा तालुका उठवायचो. शेठ म्हणाले, सावळीराम, हा गळा तंबूत कशाला सडवतोस, चल, डोंगराला ऐकव. त्यांनी धरणावर एक लाँच घेतलीय, 'मंदाकिनी' नावाची. रविवारी आणि सुटीच्या दिवशी नाशिकची मंडळी सकाळी बसनं येणार, लाँचमधून दिवसभर कडे, गुहा, बेटाजवळचं देऊळ बघणार, दुपारी पिठलं-भाकरी खाणार आणि दिवेलागणीला घरी जाणार. त्यांना सगळं दाखवत, बोलत, हसवत न्यायचं, हे माझं काम. हुद्दा गाईड! ऐकायला किती भारी वाटतं.

खोली ओव्हरसियरच्या जुन्या क्वार्टरमधली मिळालीय. पत्र्याची, पण ओटा थेट पाण्याकडं तोंड करून. सुला असती तर म्हणाली असती, अहो, एवढं पाणी दारात आणि घागर भरायला उतरायचं कुठून? तिला कौतुकाच्या आधी अडचण दिसायची.

गेल्या वर्षीच्या श्रावणात काविळीनं नेलं तिला. नांदगावचं घर तेव्हापासून खायला उठत होतं. छबू पहिलीत आहे, ती माझ्या बहिणीकडं, लंकाबाईकडं देवळ्याला असते. इथं बस्तान बसलं की दिवाळीला पोरीला आणायची, असं ठरवून टाकलंय.

जेवणाची सोय चतुराबाईकडं. धक्क्याजवळ तिचं छप्पर आहे. हिचं गाव करंजडोह, म्हणजे धरणाला ज्याचं नाव दिलं आणि त्याच धरणानं जे पोटात घेतलं ते. म्हातारी फटकळ आहे. पहिल्याच जेवणाला म्हणाली, गाईड का फाईड, भाकरी टाकायची नाय ताटात. मी निमूटपणे संपवली. झणझणीत आमटी होती. झोप छान लागणार आज.

रविवार, १० ऑक्टोबर

पहिली सफर पार पडली! घसा बसलाय, पण छाती फुगलीय.

लाँचचा ड्रायव्हर मल्हारी, इथलाच, डोंगरातला. बारीक अंगाचा, कमी बोलणारा. आधी धरणाच्या भिंतीपासून निघायचं, मग हत्तीसोंडेचा कडा, मग बेट. बेटाला लागून बुडालेल्या देवळाचा नुसता कळस पाण्याबाहेर आहे. बायका तिथं फुलं सोडतात. आणि शेवटी सगळ्यात देखणी जागा, चुनकडा.

इथले सगळे डोंगर काळे, पण या एका कड्याच्या पोटात चुनखडीचा जाड थर आहे, दुधासारखा. जुन्या करंजडोहची माणसं घरं पांढरी करायला इथून चुना न्यायची म्हणे. आता कडा पाण्यात गळ्यापर्यंत बुडालाय. तीन बाजूंनी पांढऱ्या भिंती, मध्ये हिरवंगार पाणी, खाली गुहांची तोंडं. लाँच आत शिरली की इंजिनाचा आवाज असा घुमतो की बायका एकमेकींचे हात धरतात. मल्हारी इंजिन बंद करतो. मग असली शांतता की आपलाच श्वास ऐकू यावा. तिथं एक सपाट खडक आहे, त्यावर जेवणं होतात.

मी हौसेनं हाळी घातली. अशी फिरून आली म्हणता! खणखणीत, शब्द न् शब्द. नाशिकरोडचे एक प्रेसमधले साहेब होते, त्यांच्या पोरानं स्वतःचं नाव ओरडून पाहिलं, तेही आलं. मग काय, मी तिथल्या तिथं खेळच काढला. म्हटलं, मंडळी, ज्याच्यावर तुमचा जीव आहे त्याच्या नावानं हाक मारा, कडा साक्षीला आहे! एका नव्या नवऱ्यानं बायकोला हाक मारली. ती लाजून पदरात लपली. टाळ्या पडल्या. शेठनी हे ऐकलं तर द्वारकेच्या पाटीवर लिहून घेतील.

मल्हारीला मात्र रुचलं नसावं. तो तोंड फिरवून बसला. परत आल्यावर मी खोदून विचारलं. आणखी एक गोष्ट माझ्या लक्षात आली होती. जमिनीवर हा मला सावळीरामभाऊ म्हणतो आणि लाँचवर पाय ठेवला की 'पाहुणं'. तो म्हणाला, आमच्यात पाण्यावर कुणाचं नाव घेत नाय. का, ते त्यालाही ठाऊक नाही. बाप घेत नव्हता, म्हणून हाही घेत नाही. मी म्हटलं, मग तुझ्या बायकोला काय, अगं होडी म्हणतोस? तो हसला. चांगला आहे बिचारा.

रविवार, १७ ऑक्टोबर

कसं लिहू? आनंद मावत नाहीये.

आज सफरीला गर्दी होती. नावांचा खेळ झाला, मंडळी जेवायला खडकावर उतरली आणि मग मल्हारी त्यांना गुहेच्या तोंडाशी घेऊन गेला. मी एकटाच लाँचवर राहिलो. सगळे आपापल्या माणसांना हाका मारून गेले, मीच तेवढा राहिलो, असं वाटलं. मनात आलं, माझ्या माणसाला मारून बघू. कोण ऐकतंय!

आधी हळू म्हणालो, मग गळा मोकळा सोडला. सुलाऽऽ.

फिरून आली. सुलाऽऽ. आणि त्यानंतर जरा थांबून, पांढऱ्या भिंतीमागून आल्यासारखी, ओ.

माझी नव्हे. मी तसं काही म्हणालोच नव्हतो. सुलाची ओ. नांदगावला मी पुकारा करून परतायचो तेव्हा गल्लीच्या तोंडापासूनच तिला हाक द्यायचो, आणि ती चुलीपासून न उठता ओ द्यायची. शेवटाला जरा वर चढवून, जशी काही विचारतेय की झालं का बोंबलून. तीच. हजार बायकांत ओळखेन मी.

मी लाँचमध्ये पोरासारखा रडलो. मंडळी परत आली तेव्हा डोळ्यांत धूर गेला म्हणून सांगितलं. धूर कुठला पाण्यावर! पण कुणी विचारलं नाही. परतीला मी एवढ्या गमती सांगितल्या की एका आजींना ठसका लागला.

वर्षभर मी जिवंत माणसांत वावरून एकटा होतो. आता नाही.

बुधवार, २७ ऑक्टोबर. दसरा.

रोज जातो. मल्हारीची छोटी होडी आहे, वल्ही मारायला शिकलो. दुपारी ऊन वर असताना चुनकड्यात जाऊन बसतो. हाक मारतो, ती ओ देते. एवढंच. ती पुढं काही बोलत नाही, मग मीच बोलत बसतो. घरात तरी काय वेगळं होतं? मी बडबडायचो, ती ऐकायची आणि मध्येच एखादा शब्द टाकून माझी हवा काढायची.

तिला सगळं सांगून झालं. शेठचं, मल्हारीचं, चतुराबाईच्या आमटीचं. सगळ्यात जास्त छबूचं. छबूला बाराखडी येते, छबूचा पुढचा दात पडला, छबू लंकाच्या चाळीतल्या कांद्यांवर पाय देऊन मार खाते, छबू तुझ्यासारखी खालचा ओठ दुमडते. छबूचं नाव घेतलं की मला भरून येतं आणि पाणी कसं अगदी गप्प होतं. वाऱ्यानं उठलेली लहरसुद्धा बसते. आई ऐकतेय, दुसरं काय!

एकच हुरहुर आहे. तिनं एकदा मला हाक मारावी. मी एवढा घसा फोडतो, तिनं एकदा तरी फोडावा. पण सुला कुठून मारणार? सगळ्या संसारात तिनं माझं नाव घेतलं नाही. अहो, ऐकलं का, छबूचे बाबा, हेच. लग्नात बायकांनी उखाण्यासाठी अडवून धरलं तर ही रडायला लागली, पण नाव घेतलं नाही. घेतलं तर नवऱ्याचं आयुष्य कमी होतं, असं तिच्या आईनं डोक्यात भरलेलं. मी चिडवायचो, अगं, रेशनकार्डावर लिहिलंय, वाच तरी. ती तोंडाला पदर लावायची.

सोनं द्यायला चतुराबाईकडं गेलो होतो. बोलता बोलता नावांच्या खेळाचं तिला सांगितलं. तिला माहीतच नव्हतं, ती कधी लाँचवर येत नाही. आपट्याची पानं हातात तशीच राहिली तिच्या. म्हणाली, करू नका. मी कारण विचारलं तर ताट न वाढताच उठून गेली. सणाच्या दिवशी! राग आला मला. म्हाताऱ्या माणसांचं असंच असतं म्हणून सोडून दिलं.

शुक्रवार, १२ नोव्हेंबर

छबू आली! लंका तिला सोडून संध्याकाळच्या गाडीनं परतही गेली. तिच्याकडं कांद्याच्या लागणीची घाई आहे. जाताना तिकडच्या अहिराणी बोलीत म्हणाली, पोर शहाणी शे, तूच सांभाळून राहा. दोन्ही वेण्यांना लाल रिबिनी, फ्रॉकला नवा वास. मला मिठी मारली ती सोडेचना. मग पाणी पाहिलं आणि विचारलं, बाबा, हे सगळं आपलं का? मी म्हटलं, आपलंच.

रात्री माझ्या हातावर डोकं ठेवून झोपली. आता हिला कुठं पाठवायची नाही. जून महिन्यात इथल्याच शाळेत घालतो. लंकाला वाईट वाटेल, पण मी बाप आहे. घर म्हणजे हेच ना, कुणीतरी हात अवघडून टाकावा आणि आपण काढू नये.

गुरुवार, १८ नोव्हेंबर

भाऊबीज झाली आणि सुटीची मंडळी लोटली. छबूला लाँचवर नेलं. तिला इंजिनापाशी बसवली. मल्हारीनं तिला 'बाय' म्हणून हाक मारली, नावानं नाही. मी मनात हसलो.

चुनकडा आला. इंजिन बंद झालं. मी खेळ सुरू करणार, घसा साफ केला, आणि कुणीही तोंड उघडायच्या आत भिंतीतून आवाज आला.

छबूऽऽ.

सुलाचा. माया भरलेला. तिन्हीसांजेला खेळायला गेलेल्या पोरीला बोलवावं तसा.

मंडळींना वाटलं हा खेळच. टाळ्या वाजवल्या. एक बाई म्हणाल्या, अय्या, कसं करता हो हे? छबूचा चेहरा असा उजळला की मी जन्मात विसरणार नाही. तिनं तोंड उघडलं. ओ म्हणणार, तोच मी झेप घेऊन तिच्या तोंडावर हात दाबला. का दाबला, मला तेव्हा ठाऊक नव्हतं. मल्हारीच्या चेहऱ्याकडं पाहून दाबला.

तिनं माझ्या तळव्याला चावा घेतला. पुन्हा हाक आली. मी हात काढला नाही. मल्हारीनं इंजिन सुरू केलं आणि जेवण न देताच लाँच बाहेर काढली. लोक चिडले. शेठ रागावतील. रागावू देत.

शुक्रवार, १९ नोव्हेंबर

चतुराबाईच्या पायाशी जाऊन बसलो. म्हटलं, आता सांगा.

तिला एक मुलगा होता, निवृत्ती. धरण भरलं तेव्हा गाव वर आलं, पण गुरं चुनकड्याच्या माथ्यावरच चरायला जायची, ती निवृत्ती राखायचा. ही रोज तिथं उभी राहून त्याला जेवायला हाक मारायची. निवृत्ती, जेवाया ये रे. एकुलता एक, बाप नाही, सगळा जीव त्याच्यात. एक दिवस ही पेठच्या बाजाराला गेली होती. शेजारणींनी पाण्याकडून हिचा आवाज ऐकला. निवृत्ती, जेवाया ये रे. आई बाजारात आहे, हे त्याला माहीत होतं. तरी पोरगा उठला, ओ, आलो आये म्हणाला आणि चालत पाण्यात गेला. त्यांनी पाहिलं. हाताला काही लागलं नाही.

मी विचारलं, एवढे लोक तिथं हाका मारतात, त्यांच्या पोरांना का नाही? ती म्हणाली, हसत मारलेली हाक पाण्याला लागत नाय. जीव तोडून, रोज रोज घेतलेलं नाव लागतं. मग ते तुमच्या माणसाच्या आवाजात मारतंय हाक. ओ दिली की संपलं.

आणि नाही दिली तर?

मारतच राहतंय. पोरगं किती दिवस गप बसंल?

निवृत्तीनंतर मात्र पाणी गप्प झालं, असं ती म्हणाली. त्याला एक मिळालं की पुरतं. नवीन नाव कुणी सांगेपर्यंत.

मी सांगितलं. रोज जाऊन, वल्ही मारत जाऊन, मी माझ्या पोरीचं नाव सांगितलं.

शनिवार, २० नोव्हेंबर

पहाटेच्या गाडीनं छबूला देवळ्याला नेतोय. कानात कापूस घातलाय. ती भ्यायलेली नाही, हेच तर वाईट आहे. ती रागावलीय. आई बोलावतेय आणि तुम्ही जाऊ देत नाही, म्हणते. तुम्हाला आई नको का, असं विचारलं मला. नको कशी होईल? मला तुझ्यापेक्षा जास्त हवी होती गं, म्हणून तर.

रविवार, २१ नोव्हेंबर. देवळा.

इथं धरण नाही, नदीला पाणी नाही. मला वाटलं सुटलो.

दुपारी लंका रोपं लावायला गेली, मी ओसरीवर लवंडलो. जाग आली तर छबू माजघरात रांजणाला कान लावून बसलेली. कापूस काढून टाकलेला. हसत होती. मी जवळ गेलो आणि मलाही ऐकू आलं, आतून, थंडगार. छबूऽऽ.

तिनं ओठ गोल केले. मी एवढ्या जोरानं ओरडलो की गल्ली जमली. रांजण फोडला. पाणी माजघरभर झालं आणि त्यातूनही—

लंकाला वाटतं माझं डोकं फिरलंय. फिरलं असतं तर बरं झालं असतं. मी तिला शपथ घातलीय, पोरीला नजरेआड करू नको, पाण्याजवळ बसू देऊ नको. पण तान्हेल्या पोरीला पाणी द्यावं लागणारच ना. किती दिवस—

मंगळवार, २३ नोव्हेंबर. करंजडोह.

परत आलो. एकच मार्ग आहे. त्याला एक पुरतं. मग छबू नको, मी.

पण मला हाक आली पाहिजे. न बोलावता उडी टाकून चालत नाही, चतुराबाई म्हणाली. तसं करून तिनं पाहिलंय. निवृत्तीच्या मागोमाग गेली होती. पाण्यानं काठावर आणून टाकलं. म्हणाली, मला कुणी बोलावलंच नाय. आणि रडली. तिला रडताना मी पहिल्यांदा पाहिलं.

चुनकड्यात जाऊन सुलाला सांगितलं. मला बोलव. पोर लहान आहे, तिला जगू दे, मी येतो ना तुझ्याकडं. सुला, मला हाक मार.

छबूऽऽ.

बुधवार

नांदगावच्या सगळ्या गल्ल्यांना ऐकू जाईल असा ओरडलो. सावळीराम! सावळीराम! फिरून आलंच नाही. भिंतीनं गिळलं. मग पुन्हा तेच. छबूऽऽ.

जीव तोडून घेतलेलं नाव लागतं. स्वतःच्या नावानं जीव तोडून हाक कोण मारतं? माझ्यावर जिचा जीव होता तिनं कधी—

मल्हारी काठावर उभा होता. होडी देत नाही म्हणाला. मी ओढून घेतली. तो मागून ओरडत होता, पाहुणं, फिरा मागं, पाहुणं! रडत होता. नावानं हाक मारली नाही त्यानं.

गुरुवार

लंकाचं कार्ड आलं. छबू जेवत नाही. झोपेत ओठ गोल करते. लंका उशाशी बसून तिचं तोंड धरते. तिलाही आता ऐकू येतंय. लिहिलंय, दादा, वहिनीचा आवाज आहे रे.

वेळ नाही.

कसं लागेल ते कळलं. आठ वर्षं मी ज्या हाकेची वाट पाहिली, तसं घेतलं माझं नाव. तिनं घेतलं असतं तसं. हळू, लाजत, चुलीपाशी कुणी नसताना. सावळीराम. सावळीराम, जेवून घ्या. सावळीराम, उशीर केला आज. दिवसभर. मलाच रडू कोसळत होतं. सावळीराम, छबू झोपली. आवाज बसला तरी घेत राहिलो.

पाणी गप्प झालं. लहर बसली.

ऐकतंय.

शुक्रवार

आज छबूची हाक नाही. सकाळपासून नाही. देवळ्यातही थांबली असेल. थांबू दे, देवा.

छबू, मोठी झालीस की लंकाआत्याला विचार, बाप कसा होता. ती सांगेल, बडबड्या होता. आईविना होतीस, आता बापाविनाही. माफ कर गं बाई. खूप जगायचं होतं तुझ्याबरोबर. तुझी वेणी घालायला नुकतीच येऊ लागली होती मला.

होडी खडकाला लावलीय. वही मांडीवर. ऊन आहे, पाणी हिरवं आहे, किती सुंदर—

आली.

सावळीराऽऽम.

सुलाच्या आवाजात. तोच चढवलेला शेवट. आणि मग

मग समजलं. सुला माझं नाव घेणार नाही. मरतानाही 'अहो' म्हणाली होती. अहो, छबूला बघा. नवऱ्याचं आयुष्य कमी होतं म्हणून जिनं जन्मभर नाव घेतलं नाही, ती इथून कशी घेईल? ही ती नाही. त्या पहिल्या दिवसापासून कधीच नव्हती. मी दीड महिना कुणाशी—

म्हणजे सुला गेलीच. गेल्या श्रावणातच गेली. आणि तिकडंही ती असणार नाही.

पुन्हा हाक आली. जवळून.

गप्प बसता येईल मला. मोठा माणूस आहे मी. मी गप्प बसेन, आणि हे पुन्हा पोरीचं नाव—

नाही.

छबूचं नाही. माझं आहे, माझंच नाव आहे. आलो. उभा राहतो. सुला, तू जिथं असशील तिथं कान झाक, ही ओ तुला नाही गं, ही

ओ—